दुधाचे दात आणि घरातली सकाळ

रायपूर शहरातील पंडरी हा भाग मुख्यतः कापडाच्या बाजारपेठेसाठी ओळखला जातो. 2021 साली भाटागाव येथे नवे आंतरराज्य बसस्थानक सुरू होईपर्यंत शहराचे मोठे बसस्थानकही येथेच होते. जिल्हा रुग्णालय आजही येथेच आहे. बाजार, रुग्णालय आणि जुनी-नवी वस्ती अशा तिन्ही गोष्टी एकत्र नांदत असल्यामुळे येथे निरनिराळ्या चालीरीतींची माणसे शेजारी शेजारी राहतात. दात घासण्याच्या साध्या क्रियेतही हे वैविध्य दिसून येते. गावाकडून आलेल्या माणसाला 'मुखारी' लागते. छत्तीसगढी बोलीत दातवणाला हाच शब्द आहे. हिंदी भाषक त्याला दातून म्हणतो. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या मुलखात मराठी कुटुंबे स्थायिक होत आली. त्यांच्या घरांत दातवण, राखुंडी आणि मंजन हे तिन्ही शब्द वृद्धांच्या तोंडी अजून सापडतात. तरुण पिढीच्या हाती ब्रश आणि पेस्ट आली आहे. याशिवाय आणखी एक वस्तू पुष्कळ घरांत मोरीजवळ किंवा खिडकीत ठेवलेली असते. ती म्हणजे गुडाखूची लहानशी डबी.

दोन-अडीच वर्षांचे मूल सकाळी उठून बाहेर येते तेव्हा त्याच्या दृष्टीस हे सारे पडते. दात घासणे म्हणजे काय, याचा पहिला धडा त्याला शब्दांतून मिळत नाही. तो मोठ्यांच्या हाताच्या हालचालींतून मिळतो. आजी बोटाने हिरड्या चोळते, आजोबा काडी चावतात, वडील ब्रश तोंडात धरून वर्तमानपत्र चाळतात. मूल यांपैकी कोणाचे अनुकरण करील हे सांगता येत नाही. मात्र ते कोणाचे तरी अनुकरण करणार हे निश्चित होय. म्हणून मुलांच्या दातांचा विचार करताना आधी घरातल्या मोठ्यांच्या सकाळीचा विचार करावा लागतो.

पडणारे दात

मुलाचा पहिला दात साधारणतः सहाव्या महिन्याच्या सुमारास, बहुधा खालच्या पटाशीच्या जागी, दिसू लागतो. अडीच ते तीन वर्षांपर्यंत वीसही दुधाचे दात येतात. त्यांत आठ पटाशीचे, चार सुळे व आठ दाढा असतात. दुधाचे दात पुढे पडून जाणारच आहेत, मग त्यांची एवढी काळजी कशाला, असा युक्तिवाद पुष्कळ घरांतून ऐकू येतो. वरवर पाहता तो पटण्यासारखा आहे. वस्तुतः मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांच्या वयापर्यंत मुलाच्या तोंडात राहतात. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आलेल्या दाढेला आठ-नऊ वर्षे काम करावयाचे असते. ती किडून वेळेपूर्वी काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेकडे सरकतात. मग पक्क्या दातांना यावयास सरळ वाट उरत नाही. शिवाय दुखणारी दाढ तोंडात घेऊन मूल नीट जेवत नाही आणि रात्री नीट झोपत नाही.

दुधाच्या दातांवरील कठीण आवरण, म्हणजे दंतवल्क किंवा एनॅमल, हे पक्क्या दातांच्या मानाने पातळ असते. त्यामुळे कीड एकदा लागली की आतल्या मज्जेपर्यंत पोचण्यास तिला फारसा काळ लागत नाही. दाताला 'कीड' लागते असे आपण म्हणतो, आणि जुन्या समजुतीप्रमाणे दातात खरोखरीच किडा असतो असे मानणारी माणसे अजूनही भेटतात. हा किडा धुरी देऊन बाहेर काढणारे वैदूही पूर्वी गावोगाव फिरत. अमेरिकन संशोधक विलोबी मिलर याने 1890 मध्ये या रोगाची खरी उपपत्ती मांडली. तोंडातील जंतू साखर व पिष्ट पदार्थ यांच्यापासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दाताचे आवरण विरघळते, असे त्याने दाखवून दिले. या जंतूंपैकी एक महत्त्वाचा, स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स, क्लार्क या इंग्रज संशोधकाने 1924 मध्ये वर्णिला.

पुढे 1940 च्या दशकात रॉबर्ट स्टीफन या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक साधा पण मार्मिक प्रयोग केला. साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर दातांवरील जंतूंच्या थरातील आम्लता किती व कशी वाढते हे त्याने मोजून पाहिले. काही मिनिटांतच ती धोक्याच्या रेषेपलीकडे जाते आणि मूळ पदावर येण्यास तिला अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो, असे त्याला आढळले. या निष्कर्षाचे महत्त्व घरातल्या व्यवहारात मोठे आहे. जेवणानंतर एकदाच खाल्लेली खुरमी दातांना जेवढी अपाय करते, त्याहून दिवसभरात सहा वेळा चघळलेली एक-एक गोळी अधिक अपाय करते. हीच गोष्ट स्वीडनमधील विपेहोल्म येथील प्रयोगांत 1940 च्या दशकात दिसून आली. तेथे मतिमंदांच्या रुग्णालयातील लोकांना दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी खावयास देऊन त्यांचे दात किडू देण्यात आले. ज्यांना संमती देता येत नाही अशा माणसांवर केलेला हा प्रयोग आज कोणीही समर्थनीय मानणार नाही. तथापि त्यातून मिळालेले ज्ञान दंतवैद्यकाला टाकून देता आलेले नाही, हेही खरे.

भारतात 2002-03 मध्ये भारतीय दंत परिषदेने राष्ट्रीय पाहणी केली तेव्हा पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे निम्म्या मुलांचे दात किडलेले आढळले. म्हणजे शाळेत नाव घालण्यापूर्वीच दोनांपैकी एका मुलाच्या तोंडात हा रोग शिरलेला असतो.

डबीतला पदार्थ

गुडाखू म्हणजे तंबाखूची पूड व गुळाची काकवी यांच्यापासून केलेला, काळसर तपकिरी रंगाचा घट्ट लगदा. छत्तीसगढ, ओडिशा व बिहार या भागांत तो दात घासण्यासाठी म्हणून वापरला जातो. स्त्रियांत त्याचा प्रसार विशेष आहे. तंबाखू खाणे किंवा विडी ओढणे बाईमाणसाला शोभत नाही असे मानणाऱ्या घरातही गुडाखूला कोणी आक्षेप घेत नाही, कारण ते 'दात घासणे' या सदरात मोडते. महाराष्ट्रात मशेरीची स्थिती नेमकी अशीच आहे. तव्यावर भाजून कुटलेली तंबाखू बोटाने हिरड्यांवर चोळणारी आजी स्वतःला तंबाखूची व्यसनी समजत नाही. ती म्हणते, मी फक्त मशेरी लावते.

गुडाखू करणाऱ्याला विचारले तर तो दोन कारणे सांगतो. एक म्हणजे दातदुखी थांबते. दुसरे म्हणजे गुडाखू केल्यावाचून सकाळी पोट साफ होत नाही. दोन्ही अनुभव खोटे नाहीत, आणि तेथेच खरी अडचण आहे. हिरडीतून रक्तात गेलेले निकोटीन काही काळ मेंदूला बरे वाटावयास लावते आणि आतड्यांच्या हालचालीलाही चालना देते. सवय जडल्यानंतर ते मिळाले नाही तर डोके जड होते, चिडचिड होते, शौचास होत नाही. मग माणूस पुन्हा डबीकडे वळतो. दिवसातून एकदा सुरू झालेले घासणे पाहता पाहता चार-पाच वेळांवर जाते. दातांच्या स्वच्छतेसाठी कोणालाही दिवसातून पाच वेळा घासण्याची गरज नसते. म्हणून पाच वेळा घासणारा मनुष्य दात घासत नसून तंबाखू घेत आहे, हे ओळखावयास एवढी एक खूण पुरेशी आहे.

2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत छत्तीसगढमधील 39.1 टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरीत असल्याचे आढळले. संपूर्ण देशाचे प्रमाण 28.6 टक्के व महाराष्ट्राचे 26.6 टक्के होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बिनधुराच्या तंबाखूचा समावेश माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केला आहे, आणि तिच्यामुळे होणाऱ्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग पहिला येतो. अपाय पुढच्या पिढीपर्यंत पोचतो तो केवळ अनुकरणाने नव्हे. मुंबईतील गर्भवती स्त्रियांच्या ज्या अभ्यासाचे निष्कर्ष गुप्ता व श्रीविद्या यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केले, त्यात बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे जन्माच्या वेळचे वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरले. या स्त्रिया वापरीत असलेली तंबाखू मुख्यतः मशेरीच होती.

कायद्याने या बाबतीत एक पाऊल उचलले आहे. टूथपेस्ट व दंतमंजन यांत तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने 1992 मध्ये मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये ती मनाई योग्य ठरविली. त्यामुळे तंबाखूचे लाल-काळे दंतमंजन म्हणून उघडपणे विकणे बंद झाले. परंतु गुडाखू तंबाखूचा पदार्थ म्हणून विकला जातो आणि घरात मात्र दंतमंजन म्हणून वापरला जातो. दुकानातील नाव आणि मोरीतील काम यांच्यामधील ही फट कायद्याला बुजविता आलेली नाही. अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकणे 2003 च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, आणि बालकाला तंबाखू देणाऱ्यास 2015 च्या बाल न्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तरीही दात दुखतो म्हणून रडणाऱ्या नातवाच्या हिरडीवर आजी मायेने बोटभर गुडाखू लावते, तेव्हा आपल्या हातून गुन्हा घडत आहे असे तिच्या स्वप्नातही येत नाही. मुलाची वेदना थोडा वेळ बधिर होते, आजीचा विश्वास दृढ होतो आणि दातातील कीड आतल्या आत वाढत राहते.

सुनेने सासूला याबद्दल काही सांगणे सोपे नसते. चाळीस वर्षांची सवय एका वाक्याने सुटत नाही, आणि मुलासमोर वाद झाला तर त्या डबीचे आकर्षण वाढते. अशा घरात पहिली पायरी म्हणून एवढेच ठरवावे की, मूल दात घासते त्या जागी व त्या वेळी गुडाखूची डबी असू नये. आजीने तिचे घासणे मुलाच्या नजरेआड करावे आणि डबी मुलाच्या हाती लागणार नाही अशा उंच जागी ठेवावी. 'तुम्ही सोडा' असे म्हणण्यापेक्षा 'लेकरासमोर नको, आई' असे म्हटलेले बहुतेक आज्यांना पटते, कारण नातवाच्या हिताविषयी त्यांच्या मनात दुमत नसते. सोडण्याची इच्छा झाली तर तंबाखूमुक्तीसाठी 1800-11-2356 हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. तो तंबाखूच्या वेष्टनांवरही छापलेला असतो.

काडी, राख आणि ब्रश

गुडाखूच्या पंक्तीत मुखारीला बसविणे मात्र अन्यायाचे होईल. दातवणाची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. बारा अंगुळे लांब व करंगळीएवढी जाड काडी असावी, इतक्या बारकाव्याने सुश्रुतसंहितेत तिचे वर्णन आले आहे. कडुनिंब, बाभूळ किंवा करंज यांची ताजी काडी नीट चावून तिचा कुंचला करणारा आणि सावकाश दात घासणारा प्रौढ माणूस आपले दात बऱ्यापैकी स्वच्छ ठेवू शकतो. मुलाच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. काडी चावून मऊ करण्याइतका जोर लहान जबड्यात नसतो, कडवटपणामुळे मूल ती लवकर टाकून देते आणि मागच्या दाढांच्या खाचांपर्यंत काडी पोचतच नाही. शिवाय पेस्टमधून मिळणारे फ्लोराइड तीत नसते. राखुंडी, कोळशाची पूड, वीटकरीची पूड यांचा तर मुलांसाठी विचारही करू नये. पितळेचे भांडे ज्या न्यायाने घासावे त्या न्यायाने पातळ दंतवल्क घासता येत नाही.

केसांचा ब्रश अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये कारखान्यात तयार होऊ लागला, आणि 1938 मध्ये नायलॉनचे तंतू आल्यावर तो स्वस्त व टिकाऊ झाला. मुलासाठी लहान डोक्याचा व अगदी मऊ तंतूंचा ब्रश घ्यावा. घरातील भावंडांत एकच ब्रश फिरवू नये. तंतू फाकले म्हणजे ब्रश बदलावा.

पेस्ट किती घ्यावी, याबद्दल जाहिरातींनी मोठा गोंधळ करून ठेवला आहे. जाहिरातीतील ब्रशवर पेस्टची नागमोडी लड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेली असते, आणि माताही तेवढीच पेस्ट काढतात. वास्तविक तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. याचे कारण असे की, लहान मूल थुंकण्याऐवजी पेस्ट गिळते. पेस्टच्या दर ग्रॅमात सुमारे एक मिलिग्रॅम फ्लोराइड धरले, तर तांदळाएवढ्या पेस्टमधून मुलाच्या पोटात जास्तीत जास्त एक दशांश मिलिग्रॅम जाते. ब्रशभर पेस्ट रोज गिळली गेली तर हे प्रमाण दहापटीने वाढू शकते.

फ्लोराइडची कथा दुधारी आहे. अमेरिकेतील कोलोराडो स्प्रिंग्ज या गावी फ्रेडरिक मॅके हा दंतवैद्य 1901 मध्ये व्यवसायासाठी आला, तेव्हा तेथील लोकांचे दात तपकिरी डागांनी भरलेले पाहून तो चकित झाला. मात्र हे डागाळलेले दात सहसा किडत नाहीत, हेही त्याच्या ध्यानी आले. हा पाण्यातील फ्लोराइडचा परिणाम असल्याचे कळावयास 1931 साल उजाडावे लागले. अल्प प्रमाणात ते दात बळकट करते आणि अधिक झाले तर दात व हाडे दोन्ही बिघडविते. रायपूर शहराला खारून नदीचे पाणी मिळते. परंतु छत्तीसगढमधील रायगड जिल्ह्याचा तमनार भाग, तसेच महाराष्ट्रातील चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील काही गावे येथील भूजलात फ्लोराइड अधिक आहे. अशा गावी राहणाऱ्या कुटुंबाने पेस्ट निवडण्यापूर्वी दंतवैद्याला विचारावे. इतरांनी मात्र फ्लोराइड असलेली पेस्ट टाळण्याचे कारण नाही. मुलांवरील अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला असता, अशा पेस्टने किडण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटल्याचे दिसून आले आहे.

येथे आपल्या एका चांगल्या सवयीला थोडी मुरड घालावी लागते. खळखळून चूळ भरल्यावाचून तोंड धुतल्यासारखे आपल्याला वाटत नाही. पण भरपूर पाण्याने चूळ भरली की दातांवर राहावयाचे फ्लोराइडही वाहून जाते. मुलाला पेस्ट थुंकावयास शिकवावे आणि पुढे फार तर ओठ पुसावेत. घरातल्या मोठ्यांना हे अस्वच्छ वाटेल. त्यांना कारण समजावून सांगावे.

हात कोणाचा?

चार वर्षांच्या मुलाला 'जा, दात घासून ये' असे सांगून आई स्वयंपाकाला लागते, आणि मूल ओला ब्रश घेऊन परत येते. त्याने फसविलेले नसते. त्याच्या बोटांना ते काम अजून जमतच नाही. साधारणतः सात वर्षांपर्यंत ब्रश मोठ्या माणसाच्या हातून फिरला पाहिजे. मुलाला आधी स्वतः घासू द्यावे, म्हणजे त्याचा मान राहतो. नंतर 'आता माझी पाळी' म्हणून पालकाने घासावे. मूल फार लहान असेल तर त्याचे डोके आपल्या मांडीवर घेऊन, वरून पाहत घासणे सर्वांत सोयीचे असते. बाळाला तेल लावताना जशी बैठक घेतात तशीच ही बैठक असल्यामुळे आपल्या बायकांना ती मुद्दाम शिकवावी लागत नाही. दात मिटवून बाहेरच्या बाजूस ब्रश लहान लहान वर्तुळांत फिरवावा. ही पद्धत अमेरिकेतील आल्फ्रेड फोन्स या दंतवैद्याच्या नावाने ओळखली जाते. त्याने 1913 मध्ये ब्रिजपोर्ट येथे शाळकरी मुलांचे दात साफ करणाऱ्या व त्यांना तसे शिकविणाऱ्या स्त्रियांसाठी पहिली शाळा काढली होती. आतील बाजू व दाढांचा चावण्याचा पृष्ठभाग यांवर ब्रश मागे-पुढे फिरविला तरी चालतो. एकूण दोन मिनिटे पुरतात.

सकाळी घाई असते आणि रात्री कंटाळा असतो. दोन्हींपैकी एकच वेळ साधत असेल तर रात्रीची साधावी. झोपेत लाळ फार कमी सुटते, त्यामुळे तोंडातील आम्ल धुऊन काढावयास कोणी उरत नाही. पंडरीसारख्या बाजारपेठेत दुकाने उशिरापर्यंत उघडी असतात. वडील रात्री येताना काही गोड घेऊन येतात, आणि झोपेला आलेल्या मुलाच्या तोंडात ते मायेने भरविले जाते. त्याचप्रमाणे तोंडात दुधाची बाटली घेऊन झोपण्याची सवय असलेल्या मुलांचे वरचे पटाशीचे दात आधी काळे पडून झिजतात. खालचे जिभेआड असल्यामुळे वाचतात. वरचे चार दात गेलेले आणि खालचे शाबूत असे तोंड दिसले तर दंतवैद्याला विचारण्याआधीच बाटलीविषयी विचारावे. बाटली सुटत नसेल तर तीत साधे पाणी द्यावे. वडिलांनी आणलेला खाऊ दुसऱ्या दिवशी जेवणानंतर द्यावा. त्याची गोडी काही कमी होत नाही.

सहाव्या वर्षीची दाढ

सहाव्या वर्षाच्या आसपास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे, एकही दात न पडता, एक नवी दाढ हळूच वर येते. दात पडला म्हणजे नवा येतो, एवढेच सर्वांना ठाऊक असल्यामुळे या दाढेकडे कोणाचे लक्ष जात नाही. ती दुधाचीच आहे अशा समजुतीने ती किडू दिली जाते. वास्तविक ती आयुष्यभराची पक्की दाढ असते, आणि तिच्या जागी दुसरी येणार नसते. वर येत असताना काही महिने ती शेजारच्या दाढांपेक्षा बुटकी राहते. त्यामुळे नेहमीसारखा फिरविलेला ब्रश तिच्या वरून निघून जातो. ब्रश गालाच्या बाजूने आडवा घालून तिच्यावर वेगळा फिरवावा लागतो. सहाव्या वाढदिवसापासून पालकाने दर पंधरवड्यास स्वच्छ बोट मुलाच्या मागच्या हिरडीवरून फिरवून पाहावे. दाढेचे टोक बोटाला प्रथम लागते, डोळ्यांना मागाहून दिसते.

या दाढेच्या वरच्या भागावरील खाचा खोल असतात, आणि कीड बहुधा तेथूनच सुरू होते. दाढ पूर्ण वर आल्यावर दंतवैद्य त्या खाचा पातळ राळेसारख्या द्रव्याने बुजवून देतो. यात भूल द्यावी लागत नाही की दात कोरावा लागत नाही. रायपूरमध्ये शासकीय दंत महाविद्यालय असल्याने मुलाला दाखविण्याची सोय दूर नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला, आणि त्यातील तपासणीच्या यादीत दंतक्षयाचा समावेश आहे. अंगणवाडीत किंवा सरकारी शाळेत या कार्यक्रमाचे पथक येईल त्या दिवशी मूल घरी राहू नये. पथकाने हाती दिलेली चिठ्ठी जपून ठेवावी, आणि तीवर दातांविषयी काही लिहिलेले असेल तर दात दुखू लागण्याची वाट न पाहता मुलाला घेऊन जावे.